सिस्टरमावशीचा वरवंटा

परदेशातल्या एका म्युझियमला आमच्या मस्तगडच्या गल्लीतला देव हवा होता, आणि तो पाठवायचं काम माझ्याकडे आलं होतं. तो देव आहे हे म्युझियमवाल्यांना माहीत नव्हतं. तो मुळात एक वरवंटा आहे हे गल्ली विसरून गेली होती. दोन्ही माहीत असलेला आणि दोन्हीकडे तोंड दाखवावं लागणारा माणूस मी. बायको म्हणाली, "तुमच्यासारख्याकडं आलं म्हणजे झालंच काम."

हे जरा मागून सांगावं लागेल.

आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत सिस्टरमावशी राहायची. दवाखान्यात नर्स, त्यातही बाळंतपणाच्या खोलीतली. निम्मी गल्ली तिच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. "पायाकडून आल्तास तू, उलटा," असं ती चारचौघांत सांगायची, आणि आई त्यावर, "अजून सुलटा झाला न्हाई," अशी जोड द्यायची. मावशीचे यजमान रेल्वेत होते. माणसं मूळची कोकणातली, ज्यू. हा शब्द गल्लीत कोणाला ठाऊक नव्हता. घरात देव्हारा नाही, नमाज नाही, क्रूसही नाही, आणि शनिवारी चूल पेटत नाही, एवढ्यावरून गल्लीनं त्यांना 'शनवारवाले' ठरवलं आणि विषय मिटवला. मावशी बोलायची मराठी, भांडायची मराठी आणि प्रार्थना करायची ती मात्र आम्हाला न कळणाऱ्या भाषेत. नवस फेडायचा झाला की त्यांच्याकडे मलिदा व्हायचा. गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे आणि वर फळं. पहिलं ताट त्यांच्या प्रेषिताच्या नावानं, दुसरं आमच्या घरी.

तिचा पाटा-वरवंटा तिच्या आईकडून आलेला, काळ्या दगडाचा. मावशी डावखुरी. वाटून वाटून वरवंट्याच्या एका टोकाला तिच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. आमच्या आईला त्यावर वाटायला जमायचं नाही. "हिचा दगडसुद्धा उलट्या हाताचा," म्हणायची. पण त्या वरवंट्याचं खरं काम निघायचं ते बारशाला. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला न्हाऊ घालायचं, झबलं-टोपडं चढवायचं, पाळण्याच्या वरून एकीनं द्यायचा, खालून दुसरीनं घ्यायचा, आणि मग बाळ. आपल्याकडे होतं तसंच. मावशीचे यजमान कुरकुरायचे की हे आपल्या पोथीत कुठं लिहिलेलं नाही. मावशी म्हणायची, "पोथी लिहिणाऱ्यानं एक तरी बाळंतपण केलंय का?" वरवंटा का, तर बाळ दगडासारखं टणक निघावं म्हणून. तिच्या मुलाचं बारसं त्याच वरवंट्यानं झालं, माझंही त्यानंच झालं. मी टणक निघालो नाही, त्यात वरवंट्याचा दोष नाही.

पुढे यजमान गेले. मुलगा, त्याला आम्ही दादा म्हणतो, आधीच इस्रायलला गेला होता. तो मावशीला घेऊन गेला. विमानात वजन चालेना म्हणून मावशीनं पाटा-वरवंटा आईच्या हवाली केला. म्हणाली, "वहिनी, सांभाळ. मी येऊन नेते." आई म्हणाली, "ये तर आधी."

आईनं सांभाळला. मग घरात मिक्सर आला. मग बायकोच्या हट्टानं स्वयंपाकघरात ओटा आला. ओटा बसवताना गवंड्याच्या हातून पाटा फुटला आणि त्यानं वरवंटा उचलून बाहेर नेऊन ठेवला, गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली, उभा. आडवा ठेवला असता तर काही झालं नसतं असं मला अजून वाटतं. पण उभा दगड, लिंबाचं झाड, त्यात अमावस्या. सकाळी मी जीप पकडायला निघालो, मी घनसावंगीला नोकरीला जातो, तर वरवंट्याला शेंदूर लागला होता. कोणी लावला ते आजवर कळलेलं नाही. मला वाटलं संध्याकाळी पुसून घरात आणू. संध्याकाळी तिथं नारळ फुटलेला होता.

कोणी म्हणे म्हसोबा, कोणी म्हणे मुंजा. कोपऱ्यावरच्या काकूंच्या सुनेला बरीच वर्षं मूल नव्हतं. काकूंनी त्याला नवस बोलला आणि सुनेला दिवस गेले. मग मात्र तो लेकरांचा देव झाला, त्याला चांदीचे डोळे बसले आणि काकू त्याच्या पुजारी, विश्वस्त आणि पोलीस झाल्या. आईला सगळं ठाऊक होतं. पण आईसुद्धा रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालायला लागली. मी एकदा म्हणालो, "आई, अगं तो सिस्टरमावशीचा वरवंटा ना?"

"मंग? म्हणून तर पावतो," आई म्हणाली. "तिचा हात लागलेला हाय."

इथवर ठीक चाललं होतं. मग ते म्युझियम आलं.

दादाच्या गावात भारतातून गेलेल्या ज्यूंचं एक छोटं म्युझियम आहे. नऊवारी लुगडी, तांब्याचे हंडे, मराठीत छापलेली जुनी प्रार्थनेची पुस्तकं. तिथं अधूनमधून कार्यक्रम असतात. कधी पेटी-टाळ घेऊन मराठीतून कीर्तन, त्यात गोष्ट त्यांच्या धर्मग्रंथातल्या मोशेची. कधी मलिदा. नवी पिढी तिकडची भाषा बोलते, म्हातारी माणसं कमी होत चालली, म्हणून ही खटपट. साडीच्या कार्यक्रमाला दादानं आमच्या घरी व्हिडिओ कॉल लावला आणि नऊवारी कशी नेसतात ते दाखवा म्हणाला. बायकोला नऊवारी येत नाही, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आणि त्या हॉलभर माणसांबरोबर कळलं. आई खुर्चीत बसून ओरडत होती, "काष्टा, काष्टा!" बायको तेव्हापासून त्या म्युझियमचं नाव काढलं की उठून जाते.

या वेळी दादाचा फोन आला तो वेगळाच. त्याच्या नातीला मुलगी झाली होती. मावशीची पणती झाली त्याची नात, आणि तिची ही लेक. मावशी आता नव्वदीच्या पुढे. म्युझियमनं ठरवलं होतं की तिचं नाव ठेवायचा कार्यक्रम जुन्या पद्धतीनं, पाळणा बांधून, सगळ्यांसमोर करायचा.

"आई एकच धरून बसलीय," दादा म्हणाला. "वरवंटा तोच पाहिजे. माझ्या हातानं एकदा पाळण्याखालून घेते, मग मला ने म्हणती देवाला. बाकी कशात तिचं लक्ष न्हाई रे. जेवत पण न्हाई धड. पार्सल कर. जमंल ना?"

मी म्हणालो, "बघतो."

माझं हे 'बघतो' घरात प्रसिद्ध आहे. बायकोच्या मते मी आजवर जेवढं बघितलंय तेवढ्यात दुसऱ्या माणसानं घर बांधून भाड्यानं दिलं असतं.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. बायको म्हणाली, "जा की, आणा उचलून. काकू काय करत्यात ते मी खिडकीतून बघते."

मी म्हणालो, "आई, दुसरा घेऊन पाठवू का? बाजारात मिळतो. काळाच घेऊ."

"हातात घेतला की कळंल तिला. अंगठा कुठं ठेवंल ती?"

"आता काय कळणार, वय झालंय..."

"वय झालं म्हणून अंगठा गेला का तिचा?" आईनं ताट सरकवलं. "तिला खोटा दगड पाठवायचा आसंल तर माझ्या नावानं पाठवू नकोस. तूच पाठव, तुझ्या नावानं."

माझ्या नावानं पाठवायचं धाडस माझ्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. काकू लिंबाखालीच होत्या, झाडून घेत होत्या. मी पहिल्यांदा पाण्याची चौकशी केली, मग सुनेची, मग नातवाची. शेवटी म्हणालो, "काकू, हा जो देव आहे ना, हा मूळचा आमच्याकडचा वरवंटा. म्हणजे सिस्टरमावशीचा."

"बरं."

"तर ती मागून राह्यलीय."

काकूंनी केरसुणी खाली ठेवली. "देवाला मागं न्यायची रीत कुठली रे बाबा? बसवलेला देव उठवायचा?"

"बसवला नव्हता काकू. गवंड्यानं ठेवला होता."

"ठेवायची बुद्धी कोणी दिली गवंड्याला?"

त्यांच्या दारात सून नातवाला भरवत होती. पोरगं माझ्याकडे बघून खुदकन हसलं. काकू आवाज उतरवून म्हणाल्या, "तू चांगला मानूस हायेस, म्हणून सांगते. ह्याच्या पायाशी मी माझं लेकरू घातलंय. तू हा उचलून नेला आन् उद्या त्याला ताप जरी आला, तर मी कोणाकडं बघू?"

माझा या गोष्टींवर विश्वास नाही असं मी घरात नेहमी म्हणतो. पण ते पोरगं हसत होतं, आणि उद्या त्याला साधी सर्दी झाली तरी मी तोंड कुठं लपवणार हा विचार माझ्या डोक्यात आला. मी नमस्कार करून परत आलो. नमस्कार काकूंना केला की वरवंट्याला, मलाही सांगता येणार नाही.

आता दादाला सांगणं भाग होतं. अडचण अशी की त्यांच्या धर्मात मूर्ती वर्ज्य. मूर्तीपुढे झुकू नये हे तर देवाच्या दहा आज्ञांत पहिल्या-दुसऱ्यातच येतं, हे मला मावशीनंच शिकवलेलं. आणि आमच्या गल्लीनं तिच्याच वरवंट्याची मूर्ती केलेली. मी फोनवर हवापाणी, ऊस, कापूस सगळं बोलून घेतलं.

"तू वरवंट्याचं बोल," दादा म्हणाला.

"दादा, तो आता... त्याला शेंदूर लागलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे देव झालाय तो. लिंबाखाली. नवस बोलतात लोक."

दादा हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "आईला हे सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई. तिचा सगळा जीव त्याच्यात अडकलाय आन् मी काय सांगू, तुझ्या वरवंट्याला डोळे लावले?"

मग त्यानंच तोड काढली. वरवंटा पाठवता येत नाही, कस्टमवाले अडवतात, असं तो मावशीला सांगणार. त्याच्या बदल्यात कार्यक्रमात व्हिडिओ कॉल. इकडे गल्लीतल्या बायकांनी तो पाळण्याखालून घ्यायचा, तिकडे मावशीनं पडद्यावर बघायचं. शेंदूर दिसणार नाही, कारण बारशाच्या वरवंट्याला झबलं-टोपडं असतंच. मला ही तोड इतकी आवडली की मी ती घरात माझी म्हणून सांगितली.

देवाला कपडे शिवायचे म्हटल्यावर काकू खूश झाल्या. देव लिंबाखालून दुसरीकडे न्यायचा नाही एवढीच त्यांची अट. म्हणजे पाळणाच लिंबाखाली आणायचा. काकूंच्या नातवाचा पाळणा आणला, फांदीला बांधला. आईनं स्वतः झबलं शिवलं. कुंची अशी खोल शिवली की आत डोळे आहेत का काय कळू नये. बायको नऊवारीच्या प्रसंगानंतर प्रथमच म्युझियमच्या कामाला आली, पण साधी साडी नेसून, आणि मला बजावून की कॅमेरा तिच्याकडे वळला तर घरात जेवण मिळणार नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी कॉल लागला. मी मोबाईल हातात धरून उभा. त्यात मला त्यांचा हॉल दिसत होता, रांगेनं खुर्च्या, मधे फुलं लावलेला लाकडी पाळणा, पाळण्याशेजारी चाकाच्या खुर्चीत सिस्टरमावशी. एवढीशी झाली होती. पण साडी पांढरीच, दवाखान्यात नेसायची तशी. माइकवर एक बाई तिकडच्या भाषेत काहीतरी सांगत होती, आणि लोक आमच्या लिंबाकडे बघून टाळ्या वाजवत होते.

"वहिनी!" मावशी ओरडली. माइकची तिला गरज नव्हती. "म्हातारी झालीस की गं!"

"तू तर तरणीच हायेस अजून," आई म्हणाली. "दात कुठं ठिवले?"

इकडच्या बायका हसल्या. मराठी कळणारे तिकडचे चारदोन म्हातारे हसले, त्यांचं बघून बाकीचे हसले. मला वाटलं निभावलं. मी मोबाईल वरवंट्याकडे वळवला. पिवळं झबलं, लाल कुंची. एखादं गुबगुबीत बाळच.

मावशी पुढे झुकली. "टोपडं काढ," म्हणाली.

मी आईकडे बघितलं. आईनं काकूंकडे बघितलं.

"मावशी, वारा आहे इथं," मी म्हणालो.

"दगडाला वारा लागतो का रे? टोपडं काढ. मला माझा खळगा बघू दे. तोच हाय का दुसरा आणून ठेवला तुम्ही?"

दादा पडद्यात घाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होता. ती ऐकेना. "हे सगळे खोटं बोलत्यात मला. कस्टम म्हणे. वहिनी, तू काढ. तू खोटं बोलायची न्हाईस."

मला कॉल बंद करता आला असता. माझा अंगठा तिथं गेलाही होता. पण आई वाकली आणि तिनं कुंचीची नाडी सोडली.

शेंदूर, झेंडूची माळ, चांदीचे दोन डोळे. तिकडे हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर ते किती मोठे दिसले असतील याचा मी विचार करत नाही. माइकवाली बाई मान वळवून पडद्याकडे बघायला लागली.

मावशी म्हणाली, "डोळे कशाला लावले गं त्याला? जन्मभर मिरच्या वाटल्या मी त्याच्यावर. झोंबतील ना."

कोणी हसलं नाही. मग आई म्हणाली, "मी रोज पाणी घालते. धुऊन निघालं आसंल आता."

"आन् खळगा?"

"हाय. शेंदराच्या खाली हाय. हात लावला की लागतो."

"मला दिसंना."

"दिसायचा न्हाई. जाड थर झालाय."

मावशीनं डावा हात उचलला आणि पुढ्यातल्या लॅपटॉपच्या पडद्याकडे केला. अंगठा पुढे काढून. काच लागली असेल, हात तिथंच थांबला. "एकदा धुऊन दाखव," ती म्हणाली. "एकदाच. मंग लावा परत काय लावायचं ते."

काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. नातवाला त्यांनी कडेवर घट्ट धरलं. आईच्या हातात तांब्या होता. मी मोबाईल धरून उभा होतो, आणि मला एवढंच सुचलं की हात हलू द्यायचा नाही, चित्र नीट दिसलं पाहिजे.

आईनं पाणी घातलं. रोजच्यासारखं, वरून, धार धरून. शेंदूर काही पाण्यानं निघत नाही. तेलातला असतो. पाणी नुसतं ओघळून गेलं आणि डोळे जास्तच चमकायला लागले.

"न्हाई निघत गं," आई म्हणाली.

"घासून बघ."

आईनं काकूंकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि तांब्या खाली ठेवला.

मावशी काही बोलणार होती. तेवढ्यात तिकडच्या बाईनं माइक घेतला, त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाला उशीर होत असावा. पेटी वाजायला लागली. कोणीतरी मावशीच्या डाव्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं, लाटणं असावं, आणि तिची खुर्ची पाळण्याला लावली. तिनं ते लाटणं घेतलं, दिलं. आमच्याकडे बघत होती. मग बाळ पाळण्यात गेलं, सगळे पाळण्याभोवती जमले आणि आम्हाला नुसत्या पाठी दिसायला लागल्या. नाव काय ठेवलं ते टाळ्यांत ऐकू आलं नाही.

दादानं नंतर कळवलं की कार्यक्रम छान झाला. मावशी रागावली नाही. उलट तिनं ठरवलंय की ती स्वतः येणार. विमानात बसवत नाही, डॉक्टर नको म्हणतात, पण तिनं बॅग काढून पलंगाखाली ठेवलीय. दर आठवड्याला फोन येतो. "निघतो का रे शेंदूर?" एवढंच विचारते. मी म्हणतो, "बघतो, मावशी."

इकडे उलटंच झालं. देवासाठी परदेशातून फोन आला, साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या, हे गल्लीभर झालं, आणि परवा काकूंनी ओटा बांधायला गवंडी आणला. सकाळी मी निघालो तर लिंबाखाली सिमेंट कालवलेलं. आई आधीच तिथं जाऊन उभी.

"हलकाच बसव रे बाबा," आई गवंड्याला सांगत होती. "नुसता टेकव. एक बाई यायचीय, तिला हातात घ्यायचाय."

"हलका बसवला तर हलंल ना आजी."

"हलू दे."

काकू घरातून लगबगीनं आल्या. "हलू दे काय? पक्का बसव. पोरं हात लावत्यात, पडला म्हणजे?"

"सिस्टर येणार हाय," आई म्हणाली.

"कधी येणार हाय?"

आईनं वरवंट्यावर हात ठेवला. काकूंनाही विचारून वाईट वाटलं असावं, त्यांनी पदर सारखा केला. गवंडी थापी हातात घेऊन माझ्याकडे बघायला लागला. मग त्या दोघीही बघायला लागल्या. सिमेंट वाळायला लागलं होतं.

मी म्हणालो, "माझी जीप जाईल," आणि निघालो.

संध्याकाळी आलो तेव्हा वरवंटा ओट्यावर उभा होता, नवा शेंदूर, नवी माळ. पक्का बसवला की नुसता टेकवला, ते आईला विचारलं नाही, काकूंनाही नाही. जाता-येता त्याच्यापाशी थांबतो. हात पुढे करून जरा हलवून बघायचं, एवढंच काम आहे. अजून मी हात लावलेला नाही.